हेडसेट आधी डोक्यावर ठेवून पाहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी मुलांचा एक हट्ट हमखास सुरू होतो, तो म्हणजे गेमिंगचा हेडसेट. हजार-दीड हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत किंमत असलेली ही वस्तू मुलाच्या कानांवर रोज दोन-तीन तास बसणार असते. तरीही ती घेताना आपण खोक्यावरचे आकडे वाचतो, मोबाइलवर तारे मोजतो, आणि ज्याच्यासाठी ती घ्यायची त्याचे डोके, कान आणि चष्मा यांचा विचारच करत नाही. आकाशवाणीत ३१ वर्षे ध्वनितंत्रज्ञ म्हणून नोकरी करताना माझे निम्मे आयुष्य कानांवर हेडफोन लावून गेले, आणि आता अकरावीतल्या नातवाच्या निमित्ताने गेमिंगचे हेडसेट जवळून पाहण्यात आले. त्यावरून पालकांना, दुकानदारांना आणि ही उपकरणे बनवणाऱ्यांना काही सांगावेसे वाटते, म्हणून हे पत्र.

माझा मुद्दा असा की, आराम आणि आवाज हे हेडसेटचे दोन वेगळे गुण मानणे चुकीचे आहे. कानाला नीट न बसणारा हेडसेट कितीही महागडा असला तरी चांगला वाजत नाही, आणि चांगला वाजत नाही म्हणून मूल आवाज वाढवत नेते. हे मी घरातच पाहिले. गेल्या दिवाळीत ऑनलाइन मागवलेला हेडसेट नातू तासाभराने काढून ठेवायचा, कानशिले चोळायचा, आणि पुन्हा लावला की आवाज आणखी वर न्यायचा. एकदा मी त्याला तो तसाच लावून बसायला सांगितले आणि जवळून पाहिले. चष्म्याची काडी जिथून कानामागे जाते तिथे कुशन कातडीपासून उचलले गेले होते आणि करंगळीचे नख सहज आत जाईल एवढी फट पडली होती. मी दोन्ही तळहातांनी कप हलकेच दाबून धरले, तर तो लगेच म्हणाला, "आजोबा, आता आवाज भरला." हात काढले तशी आवाजातली ती भर नाहीशी झाली. बंद पद्धतीच्या हेडफोनमध्ये कानाभोवतीची हवा कोंडलेली राहिली तरच खर्ज, म्हणजे खालच्या पट्टीतला भारदस्त आवाज, नीट ऐकू येतो. जरा फट पडली की सगळ्यात आधी खर्ज निसटतो, उरलेला आवाज कोरडा आणि कर्कश वाटू लागतो, खोलीतला पंखा आणि बाहेरच्या खोलीतला टीव्ही आत शिरतात, आणि त्या सगळ्यावर मात करण्यासाठी मूल आवाज वाढवते. यात मुलाचा दोष नाही.

किती आवाज किती वेळ चालतो, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने दिलेले आहे. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, आणि मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल. हे गणित साध्या बेरजेचे नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, त्यामुळे सुरक्षित वेळ निम्मा होतो. मुलांच्या मर्यादेने मोजले तर ७५ ला ४० तास, ७८ ला २०, ८१ ला १०, ८४ ला ५ आणि ८७ ला अवघे अडीच तास. म्हणजे रोज अडीच तास ८७ डेसिबलवर खेळणाऱ्या मुलाचा आठवड्याचा वाटा सोमवारी रात्रीच संपतो. जानेवारी २०२४ मध्ये 'बीएमजे पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात १४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासांत मिळून पन्नास हजारांहून अधिक लोकांची माहिती होती, आणि खेळताना ऐकले जाणारे आवाज अनेकदा या मर्यादेच्या जवळ किंवा तिच्या वर असतात, असे त्यात नोंदवले आहे. खेळांतले बंदुकीचे बार आणि स्फोट क्षणभराचे असतात, म्हणून ते कानाला कमी लागतात असे नाही. आतल्या कानातल्या ज्या केसपेशी आवाजाने मरतात त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत, आणि खेळून उठल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे होत असेल तर ती पहिली सूचना समजावी.

आता आरामाकडे वळतो, कारण खोक्यांवर याचाच उल्लेख सर्वांत कमी असतो. वजन पाहा. लॉजिटेकचा जी४३५ सुमारे १६५ ग्रॅमचा आहे, रेझरचा ब्लॅकशार्क व्ही२ एक्स २४० ग्रॅमचा, तर लॉजिटेकचाच जी प्रो एक्स ३२० ग्रॅमचा. हातात घेतल्यावर हा फरक किरकोळ वाटतो, पण मानेला आणि टाळूला तो दुसऱ्या तासाला कळतो. अर्थात नुसत्या वजनावर जाऊ नये. हेडबँडचा भार टाळूवर एकाच ठिकाणी पडतो की पसरतो, हे अधिक महत्त्वाचे. काही हेडसेटना कडक पट्टीच्या खाली झोळीसारखी ताणलेली कापडी पट्टी असते, ती मला बरी वाटते. दोन्ही कपांचा चिमटा किती घट्ट आहे, हे तर डोक्यावर ठेवल्याखेरीज कळतच नाही. मान खाली घालून दोन-तीनदा हलवली तरी हेडसेट घसरत नाही आणि वीस मिनिटांनी कानशिले दुखत नाहीत, एवढाच चिमटा हवा. कान कपाच्या आत पूर्ण मावला पाहिजे, त्याची वरची कड कुशनखाली दबता कामा नये, आणि आतल्या जाळीला कान टेकता कामा नये. चष्मा लावणाऱ्या मुलाने चष्म्यासकटच हेडसेट लावून पाहावा. त्याला मऊ, दाबले की काडीभोवती बसणारे कुशन लागते.

कुशनवरच्या आवरणाबद्दल कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांना विशेष सांगायचे आहे. बहुतेक स्वस्त आणि मध्यम हेडसेटवर कातड्यासारखे दिसणारे पॉलियुरेथेनचे आवरण असते. ते दमट हवेने आणि घामाने हळूहळू विघटित होते, आणि मग त्याचे पोपडे सुटतात. आमच्या रत्नागिरीच्या हवेत नातवाच्या पहिल्या हेडसेटचे आवरण सात महिन्यांत गेले; रोज सकाळी उशीवर आणि त्याच्या कानामागे काळे कण सापडू लागले. विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा ही वापरातली झीज असल्याने वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर आले, आणि सुटे पॅड मागितले तर त्या मॉडेलचे पॅड मिळतच नाहीत, असे कळले. बाकी सगळे धडधाकट असलेला हेडसेट केवळ दोन गोल तुकड्यांसाठी निकामी झाला. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, पॅड हाताने निघतात का आणि सुटे विकत मिळतात का, हे विचारल्याशिवाय हेडसेट घेऊ नये. कापडी किंवा मखमली पॅड आपल्या हवेत जास्त टिकतात आणि कान तापू देत नाहीत. त्यांतून थोडा खर्ज निसटतो हे खरे, पण मे महिन्यात घामाने भिजलेले कान घेऊन कोणीही नीट ऐकू शकत नाही.

याच कारणाने घरात शांतता असेल तर उघड्या पाठीच्या, म्हणजे कपांची बाहेरची बाजू जाळीदार असलेल्या, हेडफोनचाही विचार करावा. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ हा पहिला उघड्या पद्धतीचा हेडफोन आणला. पिवळ्या स्पंजची गादी असलेला आणि वजनाने जेमतेम १३५ ग्रॅमचा तो हेडफोन ज्यांनी लावला आहे, त्यांना आवाज डोक्यात कोंडण्याऐवजी भोवती पसरल्यासारखा वाटणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागणार नाही. कोणत्या बाजूने पावले वाजली हे खेळात ओळखायला असा मोकळा आवाज फार उपयोगी पडतो. शिवाय आई हाक मारते ती मुलाला ऐकू येते, आणि स्वतःचा आवाजही ऐकू येत असल्यामुळे ते माइकवर ओरडून बोलत नाही. मात्र ज्या घरात अभ्यासाच्या टेबलाशेजारीच मिक्सर चालतो किंवा लहान भावंड झोपलेले असते, तिथे बंद पाठीचाच घ्यावा, आणि त्यात स्वतःचा आवाज कानात परत ऐकवण्याची सोय आहे का, ते पाहावे.

आवाजाबद्दल खोक्यांवर दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत छापलेल्या असतात, ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर, आणि ७.१ सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येत असल्याचा भास. ड्रायव्हरच्या व्यासावरून आवाजाचा दर्जा ठरत नाही. ४० मिलिमीटरचे उत्तम आणि ५० मिलिमीटरचे टाकाऊ ड्रायव्हर मी ऐकले आहेत. गेमिंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक हेडसेटमध्ये खर्ज मुद्दाम फुगवलेला असतो, दुकानात अर्धा मिनिट ऐकताना तो दमदार वाटतो, आणि खेळताना नेमका तोच आड येतो. खालच्या पट्टीतला जोरदार आवाज वरच्या पट्टीतल्या हलक्या आवाजाला झाकतो, हा कानाचा स्वभाव आहे. स्फोट घुमत राहतो आणि त्यातच जिन्यावरची पावले बुडतात.

७.१ चे म्हणावे तर बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर असतो, आणि सात दिशा केवळ सॉफ्टवेअरच्या हिशेबाने निर्माण केलेल्या असतात. दिशा आपल्याला कळते ती दोन कानांमधल्या एका मिलिसेकंदाहूनही कमी अशा कालावधीच्या फरकावरून, आवाजाच्या कमी-अधिकपणावरून आणि बाहेरच्या कानाच्या घडीने त्याला येणाऱ्या रंगावरून. हा हिशेब व्हॅलोरंटसारखे खेळ एचआरटीएफ या नावाने स्वतःच करतात. ती सोय सुरू ठेवून वर हेडसेटचे ७.१ ही सुरू केले तर एकाच आवाजावर दोनदा संस्कार होतो आणि दिशा पुसट होतात. एक साधा स्टिरिओ हेडसेट, ज्याचे दोन्ही ड्रायव्हर तंतोतंत जुळलेले आहेत, तो याहून कितीतरी बरा. ते जुळलेले आहेत का हे तपासण्याची आमची जुनी पद्धत अगदी सोपी आहे. मोबाइलवर एखादी जुनी मोनो, म्हणजे दोन्ही कानांना सारखाच आवाज देणारी, बातमी किंवा भाषण लावावे आणि डोळे मिटावेत. बोलणारा बरोबर कपाळाच्या मध्यभागी ऐकू आला पाहिजे. तो डावीकडे किंवा उजवीकडे कलला, तर एका बाजूचे कुशन नीट बसलेले नाही, किंवा ड्रायव्हर जुळत नाहीत. हेडसेट उलटा लावून पाहिला की दोहोंपैकी कारण कोणते तेही कळते: बोलणारा जागा बदलून पलीकडे गेला तर दोष ड्रायव्हरचा.

बिनतारी हेडसेटविषयी एक अनुभव सांगतो. नातवाच्या मित्राने ब्लूटूथचा हेडसेट घेतला आणि मित्रांशी बोलायला माइक सुरू करताच खेळाचा आवाज एकदम डबक्यात गेल्यासारखा होतो, अशी तक्रार घेऊन तो माझ्याकडे आला. मी कानाला लावला आणि लगेच ओळखले, कारण फोन-इन कार्यक्रमांत श्रोत्यांचा असाच आवाज मी वर्षानुवर्षे ऐकला होता. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये माइक चालू झाला की जोडणी हँड्स-फ्री पद्धतीवर जाते, स्टिरिओ संपतो आणि आवाज टेलिफोनच्या दर्जाचा होतो. त्यात पुन्हा ब्लूटूथवर आवाज पडद्यावरच्या चित्रामागून येतो, आणि ही दिरंगाई १०० ते २०० मिलिसेकंदांच्या घरात सहज जाते. त्यामुळे खेळासाठी एक तर ३.५ मिलिमीटर पिनचा किंवा यूएसबीचा वायरवाला हेडसेट घ्यावा, नाही तर २.४ गिगाहर्ट्झचा वेगळा डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) असलेला बिनतारी घ्यावा. वायरवाल्याला चार्जिंग नको आणि बॅटरीच नसल्याने ती दोन-तीन वर्षांनी दम सोडण्याचाही प्रश्न नाही; मर्यादित पैशांत मी कोणालाही तोच सुचवीन.

हे सगळे तपासायचे तर हेडसेट हातात आणि डोक्यावर मिळाला पाहिजे, आणि इथेच आपली बाजारपेठ कमी पडते. मी नातवाला घेऊन पुण्याला गेलो होतो. एका मोठ्या दालनात काचेआड वीस-बावीस खोकी मांडलेली होती, पण एकही उघडून दाखवायला तयार नव्हते, सील तोडले की तो माल विकला जात नाही, असे उत्तर मिळाले. त्यांची अडचण मला समजते. पण त्याच दिवशी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका लहान दुकानात मालकांनी वापरातला नमुना बाहेर काढला, कुशन पुसून दिले आणि आम्हाला पंधरा-वीस मिनिटे स्टुलावर बसू दिले. तिथे नातवाने चार हेडसेट लावून पाहिले आणि ज्याची जाहिरात त्याने सगळ्यात जास्त पाहिली होती तो त्याने स्वतःहून बाजूला ठेवला, कारण त्यात त्याचा चष्मा रुतत होता. त्याने घेतला तो हेडसेट त्याहून स्वस्त, दिव्यांविना, पण कापडी पॅडचा होता.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, बहुक्रीडा स्पर्धांमधला एक प्रकार म्हणून स्थान दिले आणि चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यात पदकेही दिली गेली. धावपटूला बूट पायात घालून पाहू देणारा बाजार या खेळाडूंना हेडसेट डोक्यावर ठेवून पाहू देत नाही, हे बदलले पाहिजे. प्रत्येक मॉडेलचा एक उघडा नमुना दुकानात ठेवण्याचा खर्च कंपन्यांनी उचलावा. खोक्यावर वजन, पॅडचे साहित्य आणि सुट्या पॅडची उपलब्धता मराठीत नाही तरी निदान ठळकपणे छापावी. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याचे मानक केले आणि २०२५ मध्ये खेळांसाठीही तसे मानक आले. त्यात ऐकलेल्या आवाजाचा हिशेब ठेवणे, इशारा देणे आणि आवाज मर्यादित करण्याची सोय असणे या गोष्टी आहेत. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कोणत्या हेडसेटमध्ये आणि खेळांत त्या आहेत, हे गिऱ्हाइकाला घेण्याआधी कळायला हवे. ऑनलाइन घेणाऱ्यांनी परतीची मुदत किती दिवसांची आहे ते आधी वाचावे, त्या दिवसांतच सलग दोन तास लावून पाहावा, आणि फसवणूक झाली असे वाटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक जरूर वापरावा.

नातवाचे कापडी पॅड आम्ही दर पंधरवड्याला काढून साबणाच्या पाण्यात धुतो आणि सावलीत वाळवतो. आवाजाचा काटा तो आता पूर्वीच्या निम्म्यावर ठेवतो. मी सांगितले म्हणून नव्हे, त्याला तेवढ्यात सगळे ऐकू येते म्हणून. पॅडची दुसरी जोडी मात्र अजूनही पुण्याहून मागवावी लागते. ती रत्नागिरीच्या दुकानात मिळू लागावी, ही येथील व्यापाऱ्यांना माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त ध्वनितंत्रज्ञ, रत्नागिरी