लग्नगड्याच्या बायकोचे नाव

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जमीनदारांच्या सक्तीच्या वेठीविरुद्ध वारली आदिवासींनी १९४५ साली केलेल्या उठावावरील आपल्या दैनिकातला लेख वाचला. जेठ्या गांगड यांचे हौतात्म्य आणि उठावाच्या नेत्या गोदावरीबाई परुळेकर यांचे कार्य यांची दखल घेतल्याबद्दल मनापासून आभार. मात्र बाईंखेरीज एकाही स्त्रीचे नाव त्या लेखात नव्हते. हा दोष एकट्या लेखकाचा नाही. डहाणूच्या शाळेत इतिहास शिकवताना मीही हा उठाव असाच सांगत आले, आणि त्याची खंत वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कंपनी सरकारच्या मुलखात गुलामगिरीला असलेली कायद्याची मान्यता १८४३ साली संपली. त्यानंतर शंभर वर्षांनीही डहाणू-उंबरगावच्या पाड्यांवर ‘लग्नगडी’ होता. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे उचलणारा वारली ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याच्या वाड्यावर पोटावारी राबत असे. कर्ज नवऱ्याच्या नावावर असले तरी त्याच्याबरोबर बायकोलाही राबावे लागे, आणि तिच्या शरीरावरही आपला हक्क आहे असे मालक धरून चाले. वेठीविषयी बोलताना आपण नांगरणी, गवतकापणी, लाकूडतोड यांची वर्णने करतो, पण मालकाने वाड्यावर थांबवून घेतलेल्या बाईचा विषय निघाला की पुढच्या मुद्द्याकडे वळतो. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी परिषद भरली आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला, तो या बाईच्या बाजूने पाहिला तर केवळ मजुरीच्या दराचा प्रश्न राहत नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. पुढे गोदावरीबाईंना जिल्ह्यातून हद्दपारही करण्यात आले, तरी चळवळ टिकली. ती पाड्यापाड्यांतल्या बायांवाचून टिकली असेल, हे मला पटत नाही.

कागदपत्रांत या बाया सापडत नाहीत, असे उत्तर मिळते. ज्यांच्या वह्यांत फक्त ऋणकोचे नाव लिहिले जाई त्यांच्या कागदांत त्या सापडतील तरी कशा? कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप बेटावर १८०२ साली नेपोलियनच्या सैन्याने गुलामगिरी पुन्हा लादायला सुरुवात केली, तेव्हा सोलितूद नावाची स्त्री गरोदर असताना बंडखोरांबरोबर लढली. पकडली गेल्यावर तिचे बाळंतपण होईपर्यंत शिक्षा लांबवली गेली आणि प्रसूतीच्या दुसऱ्या दिवशी, २९ नोव्हेंबरला, तिला देहदंड दिला गेला. तिच्याविषयी एकोणिसाव्या शतकातील एका इतिहासकाराच्या जेमतेम काही ओळी उपलब्ध आहेत; तेवढ्या आधारावर तिच्या बेटाने १९९९ साली तिचा पुतळा उभारला आणि २०२२ साली खुद्द पॅरिसमध्येही तो उभा राहिला. आईचे बंधन पोटच्या मुलाकडे जावे, ही तिथली रीत वाचताना मला बापाचे देणे डोक्यावर घेऊन जन्मणारे लग्नगड्याचे मूल आठवले.

आपल्या किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, आंबोलीच्या रानातून पोर्तुगीज सत्तेविरुद्ध गुप्त नभोवाणी चालवणाऱ्या लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, याचा आनंद आहे. वारली बाईजवळ असे कोणतेच साधन नव्हते.

ज्यांनी तो काळ लहानपणी पाहिला त्या बाया आता नव्वदीच्या आसपास आहेत. येत्या १० ऑक्टोबरपूर्वी आपल्या वार्ताहरांनी तलासरी आणि डहाणू तालुक्यांतील पाड्यांवर जाऊन त्यांच्या आया, आत्या, सासवा यांची नावे आणि आठवणी, वारली बोलीत सांगितल्या तशाच, टिपून घ्याव्यात व पुरवणीत छापाव्यात, अशी कळकळीची विनंती आहे. माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी काही जणी याच पाड्यांवर राहतात. त्यांच्या घरी आपल्या वार्ताहरांना मी स्वतः घेऊन जाईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, डहाणू (जि. पालघर)