आजीला दुखलं का?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, आजीला दुखलं का?" आणि मी "नाही गं" म्हणून मोकळा झालो. इतक्या पटकन म्हणालो की तुला ते खरं वाटलं नसणार. म्हणून हे पत्र.

दुखलं. पण जाताना नाही, त्याच्या आधी. कॅन्सर हाडांत उतरल्यावर कूस बदलतानाही ती ओठ दाबून धरायची. डॉक्टरांनी मॉर्फिन दर 4 तासांनी द्यायला सांगितलं होतं. मी मात्र तिला सवय लागेल या भीतीने, ती कण्हेपर्यंत थांबायचो. अशा दोन रात्री गेल्या. 1967 मध्ये लंडनला हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू करणाऱ्या डॉक्टर सिसिली साँडर्स हेच सांगायच्या, की दुखणं डोकं वर काढायच्या आत, घड्याळ बघून औषध द्या. मी ते वाचलं नंतर. त्या दोन रात्री माझ्या नावावर आहेत. औषध वेळेवर पडू लागलं तसा तिचा चेहरा सैल झाला.

शेवटचे तीन दिवस निराळेच होते. तिला कुणी भरवत का नाही म्हणून तू चिडली होतीस. शरीर आवरतं घेऊ लागलं की भूक-तहान आपसूक जाते. बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जायची भीती. आम्ही ओल्या कापसाने ओठ तेवढे भिजवायचो. ती निजायची, मग आणखी निजायची, मग हाक मारूनही उठेना. हातपाय गार, गुडघ्यांवर निळसर चट्टे.

आता त्या आवाजाबद्दल, कारण तुला फोनवर तोच ऐकू आला. घरघर. लाळ गिळण्याची ताकद उरत नाही, ती घशात साचते आणि श्वास तिच्यातून वाजत जातो. ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो. तिच्या कपाळावर मात्र साधी आठीही नव्हती. श्वास आधी खोल, मग उथळ, मग थांबायचाच. याला दोन डॉक्टरांच्या नावांवरून चेन-स्टोक्स म्हणतात. आपण म्हणतो ऊर्ध्व लागला. शब्दच असा की माणूस झगडतोय असं वाटावं. श्वास थांबला की मी आकडे मोजायचो. वीस, पंचवीस, पुन्हा सुरू. शेवटच्या वेळी चाळीस झाले तरी मी मोजतच राहिलो.

सगळ्यांचं असं होत नाही. कुणाला धाप लागते, कुणी भ्रमात तळमळतं. त्यावर औषधं आहेत, ती मागायला माझ्यासारखं घाबरू नये.

आणखी एक. 2020 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी, हाकेला ओ न देणाऱ्या मरणासन्न माणसांच्या मेंदूच्या लहरी तपासल्या. काहींचा मेंदू आवाजातला बदल टिपत होता. शब्द कळत होते का, हे त्यावरून ठरत नाही. मी फोन तिच्या कानाशी धरला तेव्हा तू परीक्षेचं काहीतरी सांगत होतीस, मधेच रडलीस आणि "सॉरी आजी" म्हणालीस. फोन ठेवल्यावर बराच वेळ तिचा श्वास संथ चालला होता. मी त्याचा अर्थ लावत नाही. तुला सांगायचं राहिलं होतं, इतकंच.

तुझा,
बाबा