दोन टोकांचं पुस्तक

मालवण,
आषाढ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नव्या पुस्तकातल्या प्रत्येक चित्राखाली दोन ओळी लिहून देतो, असं तू लिहिलंस. तुझ्या कवितेवर माझा किती जीव आहे ते तुला ठाऊक आहे. तरीही नको. का नको, ते नीट सांगायला बसलोय.

पुस्तक रापणीचं आहे. तू रापण कधी पाहिली नाहीस. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी निघते, समुद्रात अर्धगोल जाळं सोडत पुढे जाते आणि दुसरं टोक घेऊन थोड्या अंतरावर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांना माणसं भिडतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात आणि मधोमध मासळी वर येते. पुस्तकही तसंच केलंय. कागदाची एकच लांब पट्टी, उलटसुलट घड्या घातलेली, दोन्ही टोकांना पुठ्ठा. दोघांनी शेजारी बसून एकेक टोक धरायचं आणि घडी घडी मिटत मध्यावर यायचं. चित्रातला दोर सगळ्या घड्यांतून अखंड जातो. आता यात ओळी घातल्या की पुस्तक डावीकडून सुरू होणार, उजवीकडे बसलेल्याच्या हातात आधी शेवटच येणार. मला ते दोघेही सुरुवातीलाच हवेत.

मधलं चित्र झडपेखाली झाकलंय. त्याच्या अलीकडे रात्र आहे आणि क्षितिजावर एलईडीवाल्या बोटी, प्रखर दिव्यांनी मासळी आपल्याकडे ओढून घेणाऱ्या. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये या दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, पण रापणकरांची तक्रार काही मिटलेली नाही. ही चित्रं मी लिनोत, म्हणजे लिनोलियमच्या मऊ पत्र्यात कोरून, शाई लावून छापतो; त्यात जेवढं कोरून काढावं तेवढं पांढरं राहतं. म्हणजे त्या उजेडाच्या जागी शाईच नाही, कोरा कागद आहे. झडप उचललीस की जाळं दिसतं, आणि बांगडे असायला हवेत तिथे त्याच आकाराची पांढरी जागा. तिच्याखाली काहीही लिहिलं तरी ती भरून जाईल रे.

परवा शेजारच्या काकीला कच्ची प्रत दाखवली. तिला अक्षरओळख नाही, जन्म रापणीत गेलाय. दोरावरच्या शेवटच्या माणसावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो दमलो हा. घराक कायतरी झाला असतला, लक्ष नाय हेचा." मी फक्त त्याचा खांदा जरा उतरता कोरला होता. पुढे किती तरी वेळ ती त्या माणसाच्या घरातलं सांगत होती. खाली ओळ असती तर तिने मलाच विचारलं असतं, "काय लिवलंस रे हयसर?"

तू म्हणशील, पिंगुळीच्या चित्रकथीला शब्द लागतातच की. लागतात. ठाकर मंडळींच्या पोथीत सुटी चित्रं असतात, आणि कथेकरी एकेक चित्र समोर धरून गातो. पण ते शब्द त्याच्या तोंडात असतात, दर खेळाला नव्याने येतात. बेल्जियमच्या फ्रान्स मासरीलने १९१८ पासून लाकडात कोरलेल्या नुसत्या चित्रांच्या कादंबऱ्या केल्या, त्यात गाणारा कोणी नाही. मला या दोघांच्या मधली जागा हवी आहे: पुस्तक गप्प, आणि बोलणारी ते धरून बसलेली दोन माणसं.

बाकी ठीक. पोटासाठी होमस्टेचे बोर्ड रंगवणं चालू आहे. पावसात तेलाची शाई वाळता वाळत नाही, ठसे दोरीवर लटकलेत आणि घरभर जवसाच्या तेलाचा वास आहे. कागदाचं मात्र अडलंय. गिरणीच्या कागदाला तंतूंची दिशा असते. त्या दिशेने घडी सरळ बसते, आडवी घातली की कडेला चिरते, आणि माझी पट्टी तर मोठ्या तावातून दोन्ही दिशांनी कापावी लागते. हातकागदात तंतू सगळीकडे पसरलेले असतात, त्यामुळे तो कसाही दुमडतो.

म्हणून एक काम कर. पुण्यात हातकागद मिळेल तिथून जाड, पांढरे ताव घे, गुंडाळी करून प्लास्टिकमध्ये बांध आणि नारळी पौर्णिमेनंतर स्वतः घेऊन ये. तोवर होड्या पाण्यात उतरलेल्या असतील. रापण बघ, मग काकीच्या पडवीत बसून पुस्तकाचं दुसरं टोक तू धर. त्यानंतरही दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तर लिही, वेगळ्या कागदावर. मी त्या जपून ठेवीन.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच