मॅडम, घसा दाखवायला आलो होतो आणि तुम्ही छाती तपासायला लावलीत

डॉक्टर मॅडम, नमस्कार. तुम्हाला आम्ही आठवत असू की नाही माहीत नाही, दिवसाला कितीतरी घसे बघता तुम्ही. गणपतीच्या चवथीनंतर दोन महिन्यांनी फोंड्याला तुमच्याकडे आलेले ते आरतीवाले मास्तर, ते माझे बाबा. घुमट, म्हणजे आपलं मातीचं तालवाद्य, त्याच्या साथीने होणाऱ्या आरतीत पहिला आवाज त्यांचाच असायचा, त्यामुळे आवाज बसला तेव्हा सगळे म्हणाले ओरडून बसला असेल, होईल बरा. ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, दुसरीकडे दोनदा अँटिबायोटिक झालं आणि बाबा आपले फाटक्या भोंग्यासारखे बोलतायत. चहा पिताना ठसका लागायचा, ते आम्ही म्हातारपणावर ढकललं. तुम्ही मात्र तेच पहिलं विचारलंत.

नाकातून कॅमेरा घातलात आणि स्क्रीन आमच्याकडे वळवून बाबांना 'ई' म्हणायला लावलंत. आवाज काढणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी उजवी आत यायची, डावी जाग्यावरच, दाराची एक फळी अडकावी तशी. मी म्हटलं मग घशाला औषध द्या ना. तुम्ही प्रिस्क्रिप्शनच्या पाठी पेनाने काढून दाखवलंत, या पट्ट्या हलवणाऱ्या नसांपैकी उजवी नस वरच वळते पण डावी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन परत घशात येते, तिथे काही फुगलं तर नस दबते. ऑर्टनर सिंड्रोम म्हणतात, १८९७ मध्ये त्या डॉक्टरने हृदयाच्या झडपेच्या आजारात हे पहिल्यांदा लिहिलं, पण धमनीच्या फुग्यानेही होतं, दुर्मीळ आहे, गाठही असू शकते, काहीही असो आधी सीटी करा. बाबा सत्तावीस वर्षं विडी ओढत होते आणि बीपीची गोळी आठवली तर घ्यायचे, हेही तुम्ही गोड बोलून काढून घेतलंत.

सीटी अँजिओत कमानीलाच फुगा निघाला, साडेसहा सेंटिमीटर. छातीत कळ नाही, धाप नाही, काहीच नव्हतं हो! बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं, आधी मानेत बायपास, मग जांघेतून स्टेंट.

आवाज अजून घोगराच आहे. नस बराच काळ दबली होती, पूर्ण येईल असं नाही, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. फोनवर लोक विचारतात कोण बोलतंय, मग बाबा चिडतात. पण यंदा चवथीला घुमट वाजवला त्यांनी, गायला पुतण्याला बसवला आणि त्याच्या सुरांवर रात्रभर नाक मुरडलं.

पुढच्या सोमवारी फाइल घेऊन येतोय. सोबत नीरफणस आहे, घरचा आहे, नको म्हणू नका.