पान्हा आणि सकाळचा चहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. आठ महिने त्यांनी मांस, अंडी, दूध सगळं बंद करून पाहिलं. अशक्तपणा आला, घरात रोजची कटकट सुरू झाली आणि शेवटी त्यांनी नाद सोडला. आता त्यांचं मत झालं आहे की व्हीगन होणं हे निव्वळ थोतांड आहे. पत्र मी दोनदा वाचलं. त्यांच्या आठ महिन्यांचं वर्णन मला तंतोतंत पटलं, कारण मीही त्याच वाटेवर धडपडतो आहे. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र पटला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी निवृत्त पशुवैद्य. ३१ वर्षं गोठ्यांतून आणि कुक्कुटपालन केंद्रांतून फिरलो. त्यातली एक रात्र सांगतो. गाय अडली होती. वासराचे पुढचे दोन पाय तेवढे बाहेर आले होते आणि डोकं मागे वळलेलं होतं. खांद्यापर्यंत हात घालून ते सरळ करायला पाऊण तास गेला. मग दोरी लावून, तिच्या कळेबरोबर ओढत वासरू काढलं. तोंडानाकातला चिकटा पुसला, नाकपुडीत गवताची काडी फिरवली, तेव्हा कुठे ते शिंकलं आणि श्वास घेऊ लागलं. गोऱ्हा होता. मालकाचा चेहरा उतरला. "डॉक्टर, एवढं करून गोऱ्हाच," एवढंच तो म्हणाला. गाय कशीबशी उठून चाटायला वळली, तेवढ्यात गड्यानं वासरू पोत्यात घेऊन पलीकडे नेलं. तिथली पद्धतच तशी होती. लळा लागायच्या आत वासरू बाजूला करायचं आणि चीक बाटलीनं पाजायचा. वासरू ज्या बाजूला नेलं त्या बाजूला मान करून ती हंबरत राहिली. मी हात धुतले. कोणीतरी दुधाचा गरम चहा हातात दिला. मी तो प्यायलो, आणि त्या थंडीत तो मला फार गोड लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वार, म्हणजे व्यायल्यावर पडणारं वासराचं आवरण, पडली का ते बघायला गेलो, तर ती अजून हंबरत होती. आवाज बसला होता.

तो मालक निर्दय नव्हता. आजारी जनावरापाशी रात्र रात्र बसणारा माणूस होता तो. पण गोऱ्हा दूध देणार नाही, आणि दुधाच्या जातीचा म्हणून अंगावर मांसही फार धरणार नाही. त्याला पोसायचं कशाच्या जिवावर? त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. ही व्यवस्थाच अशी आहे की चांगल्या माणसालाही त्यात दुसरं काही करता येत नाही, आणि त्या व्यवस्थेला पैसा पुरवतो तो आपण, गिऱ्हाईक.

गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी कितीतरी शिकलेली माणसं मला सांगतात की दूध ती आपणहून देते. नऊ महिने गाभण, व्यायल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा कृत्रिम रेतन, शेवटचे दोन महिने दूध आटवायचं आणि पुन्हा वेत. माझ्या हातून रेतन झालेल्या गायींची तर मोजदादच नाही. गाय २० वर्षं जगू शकते. मोठ्या व्यापारी डेअऱ्यांमध्ये पाच-सहा वर्षांची झाली की दूध उतरतं आणि तिची रवानगी होते. पान्हा सुटतो तो वासराच्या स्पर्शानं, त्याच्या वासानं. हाच शब्द आपण आईच्या मायेसाठी वापरतो, आणि आयुष्यभर गोठ्यात वावरून माझी खात्री झाली आहे की तो दोन्हीकडे एकाच अर्थाचा आहे.

अंड्यांचंही तसंच. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातीतल्या नर पिल्लाचा कोणाला उपयोग नसतो. उबवणी केंद्रात जन्मल्या दिवशीच त्याला मारतात. जर्मनीनं २०२२ पासून यावर बंदी घातली. बहुतेक जगात ते चालूच आहे. मांसाची कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असताना कापतात, आणि त्या सहा आठवड्यांत तिचं वजन इतकं झपाट्यानं वाढवलेलं असतं की कित्येकींना पायांवर उभं राहवत नाही. तशा कोंबड्या मी तपासल्या आहेत. उपचार विचारले की मालकाला सांगायचो, आठवडाभरच राहिला आहे, खर्च करू नका.

मग मी स्वतः काय केलं? मांस सोडलं ते ५८ व्या वर्षी, म्हणजे फार उशिरा. चौथ्या महिन्यात एका नातेवाइकाच्या घरी पानात वाढलेलं नाही म्हणवेना, आणि खरं सांगायचं तर नको म्हणायची इच्छाही नव्हती. पुन्हा सुरुवात केली. त्यानंतर वर्षभरानं अंडी गेली, मग दही, चीज. दूध मात्र अजून आहे. चार कप चहाचा एक झाला. तो सकाळचा एक काही केल्या सुटत नाही. सोयाचं दूध घालून पाहिलं, ते गरम चहात फाटलं. ओटचं घालून पाहिलं, आठवडाभर चाललं. सातव्या-आठव्या दिवशी पत्नीच्या कपातला वास आला आणि मी परत फिरलो. जो माणूस त्या गायीचा आवाज विसरलेला नाही, त्यालाच हे जमत नाही, याची मला लाज वाटते.

त्या गृहस्थांना अशक्तपणा आला, तो मलाही आला होता. तपासणीत बी-१२ कमी निघालं. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. वनस्पतींतून ते भरवशानं मिळत नाही, म्हणून व्हीगन माणसानं ते बाहेरून घ्यायलाच हवं. हे त्यांना कोणी वेळेवर सांगितलं असतं, तर कदाचित त्यांचे आठ महिने वेगळे गेले असते. मी कॅप्सूल आणल्या आणि डबीवर वाचलं तर त्यांचं वेष्टण जिलेटिनचं. कातडी आणि हाडं उकळून जिलेटिन कसं काढतात हे मला पुरतं ठाऊक आहे. दुकानात परत जाऊन साध्या गोळ्या घेतल्या. पुढे हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन टोचलं. ते डुकराच्या आतड्यापासून बनतं. तेव्हा मी नकार दिला नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये ज्यांनी रूढ केला, त्या संस्थेच्या आजच्या व्याख्येतही 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असंच म्हटलेलं आहे. सोवळ्याची अट तिथे कोणी घातलेली नाही, ती आपणच मनात घालून घेतो आणि मोडली की सगळंच टाकून देतो.

पत्रातला एक मुद्दा राहिला. वनस्पतींनाही जीव असतो, शेतात नांगराखाली उंदीर मरतातच, असं त्यांनी लिहिलं आहे. मरतात, खरं आहे. पण जनावर वाढतं तेही चाऱ्यावर आणि धान्यावरच. २०१८ साली ११९ देशांतल्या सुमारे ३८ हजार शेतांची आकडेवारी एकत्र करून झालेल्या अभ्यासात दिसलं की जगातल्या शेतजमिनीपैकी ८३ टक्के मांस, दूध, अंडी, मासे यांच्यासाठी वापरली जाते, आणि त्यातून आपल्याला मिळतात १८ टक्के कॅलरी. उंदरांची काळजी असेल तर उत्तर मांसाच्या बाजूनं येत नाही. गवताळ ओसाडीत कळपांवरच जगणाऱ्याला किंवा मासेमारीशिवाय दुसरं काही नसलेल्या कोळ्याला मी हे ऐकवणार नाही. आम्हा दोघांना मात्र दुकानात जाऊन निवड करता येते.

मला जमलं नाही म्हणून ते खोटं, असं त्या गृहस्थांनी म्हणू नये. त्यांनी पुन्हा एक पत्र लिहावं. त्या आठ महिन्यांत सगळ्यांत आधी काय सुटलं, घरच्यांशी काय बोलणं झालं आणि शेवटी नेमकं कशापाशी अडलं, ते सांगावं. मी ते कात्रण काढून ठेवीन. मी सकाळच्या चहापाशी अडलो आहे. सोमवारपासून पुन्हा ओटचं दूध आणणार आहे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य
(नाव छापू नये, ही विनंती)