तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना

वहिनी,

"आभार राहू द्या, काय झालं ते नीट लिहून ठेवा; पुढच्या वेळी मी माहेरी असेन," असं तुम्ही जिन्यात म्हणालात. म्हणून दोन्ही एकदमच करतोय. आणि चारचौघांत करतोय, कारण माझ्यासारखे हौशी आणखी असणारच.

उद्योग पेटीच्या रेकॉर्डिंगपायी झाला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधली रिअल-टाइमची (ठरल्या वेळेत काम उरकण्याची) सोय वीसेक वर्षं वेगळा पॅच, म्हणजे वरून लावायची जोड, म्हणून फिरत होती, ती २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ या आवृत्तीपासून मूळ कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच मिळते. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचं बफर (आवाजाचे तुकडे क्षणभर साठवायची जागा) म्हणजे १.३ मिलिसेकंद, सूर बोटामागे रेंगाळत नाही. मी सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, कर्नल कंपाइल केला, नावाला ‘-पेटी’ असं शेपूट लावलं, आवाज झकास आला. मग डिस्क भरत आली म्हणून सोर्सच्या फोल्डरमध्ये ‘मेक एमआरप्रॉपर’ ही साफसफाईची कमांड चालवली आणि स्वतःवर खूश होऊन एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकायला बसलो.

पुढचं तुम्ही पाहिलंतच. काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. तुम्ही कुकर गॅसवर ठेवून, ओले हात ओढणीला पुसत आलात आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलंत. लॉगिन आलं. "मशीन जिवंत आहे, नुसतं रुसलंय." रुसण्याचं कारणही लगेच सांगितलंत: इन्स्टॉल करताना नूव्हो हा खुला ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट, म्हणजे बंद, झाला होता, आणि त्याच्या जागी यायचा तो तयारच झाला नव्हता.

मी डीकेएमएसच्या (कर्नलसाठी ड्रायव्हर तयार करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेक-लॉगची, म्हणजे कामाच्या नोंदींची, शेवटची ओळ मोठ्यानं वाचत होतो. "शेवटची नको, पहिली एरर कुठंय?" हे तुमचं वाक्य मी मॉनिटरच्या कडेला चिकटवलंय. शेवटी नुसतं ‘जमलं नाही’ असतं. का जमलं नाही ते वर, दीडदोनशे ओळी आधी.

तिथं मिळालं. हा बंदिस्त ड्रायव्हर अर्धा आयता येतो, त्याचा सोर्स कुणाला दिसत नाही. पण त्याला कर्नलशी जोडणारा पातळ थर आपल्याच मशीनवर, आपल्याच कर्नलच्या मापानं कंपाइल होतो. त्याला कर्नलची कॉन्फिग (सेटिंगांची फाइल) लागते आणि मॉड्यूल-डॉट-सिमव्हर्स ही, कर्नलमधली कोणती फंक्शनं वापरता येतील त्याच्या यादीची फाइल लागते. दोन्ही मी साफसफाईत उडवली होती. "मेक क्लीन म्हणजे भांडी घासणं. तुम्ही भांडीच भंगारात दिलीत." हसायला आलं, पण पोटात गोळाही आला. नुसतं ‘मॉड्यूल्स प्रिपेअर’ (मॉड्यूलपुरती, म्हणजे कर्नलला जोडायच्या तुकड्यांपुरती तयारी) करून भागेल का, हे मी विचारून पाहिलं. त्यानं सिमव्हर्स तयार होत नाही, म्हणून पुन्हा पूर्ण बिल्ड. नशीब, कॉन्फिगची प्रत बूट फोल्डरमध्ये शाबूत होती. मशीन पन्नास मिनिटं धापा टाकत होतं, तेवढ्यात तुम्ही वर जाऊन कुकर उतरवून पोहे घेऊन आलात.

एवढं करून ड्रायव्हरनं सांगितलं, रिअल-टाइम कर्नल चालत नाही. त्यावर ‘इग्नोअर प्रीएम्प्ट आरटी प्रेझेन्स’ हा व्हेरिएबल (सगळी मोठी अक्षरं, शब्दांमध्ये अंडरस्कोअर) १ करायचा, हे तुम्हाला तोंडपाठ! सोबत तंबीही दिलीत: कंपनी याची हमी देत नाही, बिघडलं तर आपलं आपण. एनव्हिडियानं २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूल खुली केली खरी, पण ती ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. माझं १०५० टीआय कार्ड त्याआधीच्या पिढीचं, म्हणजे मला हाच रस्ता.

रीबूटनंतर लॉगिनचा पडदा आला तेव्हा मी ओरडलो, त्याबद्दल तुमच्या सासूबाईंची माफी. लॉगमध्ये ‘टेंटेड’ वाचून मी पुन्हा घाबरलो, तर तुम्ही म्हणालात, "कर्नल बाटला, एवढंच." जीपीएल हा खुला परवाना नसलेलं मॉड्यूल आत आलं की कर्नल तशी नोंद करतो, अशा मशीनवरची तक्रार कर्नलवाले सहसा मनावर घेत नाहीत. हे सांगतानाही तुम्ही कीबोर्ड एकदाही माझ्या हातातून घेतला नाहीत. प्रत्येक कमांड मीच टाइप केली, चुका करत करत, आणि तुमचा अख्खा रविवार त्यात गेला.

कॉन्फिगची प्रत आता तीन ठिकाणी आहे. तुमचा पेनड्राइव्ह आणि पोह्यांची ताटली माझ्याकडेच राहिलीय. ताटली रिकामी परत द्यायची नाही असं आईचं म्हणणं आहे, म्हणून उद्या संध्याकाळी.

पहिल्या मजल्यावरचा पेटीवाला