सई परांजपे यांची दूरदर्शनवरील कारकीर्द एका ओळीत का?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जानेवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथील अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ज्येष्ठ दिग्दर्शिका सई परांजपे यांना पद्मपाणि जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. मराठवाड्यातील रसिकांना त्याचा आनंद होणे साहजिक होते. मात्र त्या वेळी आणि त्यानंतरही त्यांच्यावर जे लेखन माझ्या वाचनात आले, त्यात ‘स्पर्श’, ‘चश्मेबद्दूर’ आणि ‘कथा’ या तीन चित्रपटांवर रकानेच्या रकाने खर्ची पडले असून, त्यांनी दूरदर्शनसाठी केलेले काम ‘काही काळ दूरदर्शनवरही होत्या’ एवढ्या एका ओळीत आटोपले आहे. हा हिशेब मला उलटा वाटतो. त्या चित्रपटांकडे वळल्या त्या दूरदर्शनवर दिग्दर्शिका म्हणून घडल्यानंतर, आणि त्यांच्या चित्रपटांतील जे जे आपल्याला ‘सई परांजपे शैली’ म्हणून आवडते, त्यातील बरेचसे दूरदर्शनच्या स्टुडिओत कमावलेले आहे, असे माझे मत आहे.

त्यांचा जन्म १९३८ चा. ‘मुलांचा मेवा’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. पुणे आकाशवाणीवर निवेदिका म्हणून काम करताना त्यांनी मुलांचे कार्यक्रम केले, १९६३ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून पदवी घेतली आणि पुढे दिल्ली दूरदर्शनवर निर्मिती-दिग्दर्शनाचे काम अनेक वर्षे केले. भारतातील दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले होते आणि दैनंदिन सेवा १९६५ मध्ये. म्हणजे त्या तेथे गेल्या तेव्हा या माध्यमात कोणी गुरू नव्हते. जे होते ते आकाशवाणीवरून किंवा नाटकाकडून आलेले होते आणि सारे जण काम करता करताच शिकत होते. ‘द लिटल टी शॉप’ या त्यांच्या टेलिफिल्मला १९७२ मध्ये तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले तेव्हा उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती त्यांच्यावर सोपवण्यात आली. नव्या केंद्राचा पहिला कार्यक्रम ज्या व्यक्तीच्या हाती विश्वासाने दिला जातो, तिचे त्या माध्यमातील स्थान एका ओळीत मावणारे नसते.

त्या काळच्या स्टुडिओतील काम कसे चालत असे, हे आजच्या वाचकांना थोडे सांगायला हवे. खाली दोन-तीन अवजड कॅमेरे, बाजूला काचेआड नियंत्रण कक्ष, तेथे प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा मॉनिटर. दिग्दर्शकाने ते सगळे एकाच वेळी पाहत कोणते चित्र प्रेक्षकांपर्यंत जावे हे बोलून सांगायचे, त्याप्रमाणे व्हिजन मिक्सरवर (कॅमेऱ्यांची चित्रे बदलण्याच्या यंत्रावर) बटण दाबले जायचे आणि फ्लोअर मॅनेजरने हाताच्या खुणेने नटाला पुढे सरकवायचे. टेप महाग आणि संकलन किचकट असल्यामुळे प्रसंगच्या प्रसंग सलग पार पाडावे लागत. सेट म्हणजे जेमतेम एखादी खोली, पडदा लहान. दृश्यांच्या भव्यतेने भुरळ घालण्याची सोय तेथे नव्हतीच. प्रेक्षक धरून ठेवायचा तो संवादाच्या नेमकेपणावर, चेहऱ्यावर आणि दोन माणसांमधल्या अवघडलेपणावर.

आता ‘चश्मेबद्दूर’ (१९८१) मधील सर्वांच्या स्मरणात असलेला ‘चमको’ साबणाच्या पावडरचा प्रसंग आठवून पाहावा. दारात उभी असलेली विक्रेती, पुस्तकी स्वभावाचा बुजरा तरुण, एक खोली, पाण्याची बादली आणि मळके फडके, एवढीच सामग्री. ती पाठ केलेली जाहिरात म्हणून दाखवते, तो परीक्षेला बसल्यासारखा ऐकतो, आणि फडके भिजत असताना काय बोलावे हे दोघांनाही सुचत नाही. ना परदेशातील बाग, ना पावसातले गाणे, तरीही हिंदी पडद्यावरील प्रेमाच्या सुरुवातीचा इतका खरा प्रसंग मला दुसरा चटकन आठवत नाही. हा प्रसंग दूरचित्रवाणीच्या दिग्दर्शकाने रचलेला आहे हे जाणकाराला सांगावे लागू नये. शिवाय या चित्रपटाची गोष्ट आधी ‘धुआँ धुआँ’ या नावाने दूरदर्शनच्या टेलिफिल्ममध्ये येऊन गेलेली होती. सिगारेट ओढणाऱ्या त्रिकुटाची ती कल्पना मोठ्या पडद्यावर गेली तेव्हा तिला गाणी आणि दिल्लीचे रस्ते मिळाले, पण तिचा जीव खोलीतलाच राहिला. (आपल्याकडे चित्रपटाची मालिका झाली की अधोगती मानतात आणि मालिकेचा चित्रपट झाला की बढती. या समजुतीनेच बरेचसे नुकसान केले आहे.) चित्रपटांना यश मिळाल्यावरही त्या दूरदर्शनकडे परतल्या, ‘अडोस पडोस’ (१९८४) आणि ‘छोटे बडे’ (१९८५) या मालिका केल्या, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्याला आपण पायरी समजतो, तेथे त्या आनंदाने पुन्हा येऊन बसल्या.

स्त्री म्हणून त्यांच्या वाटचालीचा विचार करतानाही दूरदर्शन बाजूला ठेवता येत नाही. चित्रपट काढायचा तर पैसे लावणारा शोधावा लागतो, आणि पैसे लावणाऱ्याला दिग्दर्शनाच्या खुर्चीत बाई दिसली की हात आखडता घेण्याची त्या काळी सवयच होती. दूरदर्शन ही सरकारी सेवा होती. निवड झाली की पगार ठरलेला, वेळापत्रकात कार्यक्रमाची जागा ठरलेली आणि स्टुडिओ हाताशी. त्या व्यवस्थेतील लाल फितीला आपण कितीही नावे ठेवली तरी तिने कर्तबगार स्त्रियांना नियंत्रण कक्षात बसवले हे मान्य करावे लागेल. विजया मेहता यांची ‘स्मृतिचित्रे’ ही लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मकथनावरील टेलिफिल्मही दूरदर्शननेच घराघरांत नेली. मराठी चित्रपटसृष्टीला तेव्हा दिग्दर्शिकांची नावे बोटांवर मोजावी लागत होती.

मराठवाड्याच्या दृष्टीने या कारकिर्दीला आणखी एक बाजू आहे. १९७२ मध्ये वरळीत दूरदर्शन केंद्राचे उद्घाटन होत होते, तेव्हा आमच्याकडे माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि सुकडी या सरकारी पूरक आहारावर दिवस काढत होती. टीव्ही नावाची वस्तू आम्हाला ऐकूनच माहीत होती. ऐंशीच्या दशकात गावोगावी लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे आली, अंबाजोगाईचा उंच मनोराही उभा राहिला, तेव्हा सुरुवातीला त्यांवरून मुख्यतः दिल्लीचे कार्यक्रम दिसत. त्यामुळे पुण्या-मुंबईचा प्रेक्षक सईताईंना मराठी रंगभूमीवरून ओळखत होता, तर आम्ही त्यांना छतावरचा अँटेना फिरवत, पडद्यावरच्या मुंग्यांतून वाट काढत, हिंदी मालिकांतून ओळखले. शेजारपाजाऱ्यांची कुरबुर, उसनवारी आणि माया यांवर मालिका होऊ शकते, तीत कोणी देव किंवा राजा असावा लागत नाही, हे आमच्या गल्लीतल्या बायकांना तेव्हा फार अप्रूपाचे वाटले होते. पुढे ‘दिशा’ (१९९०) मध्ये त्यांनी वर्षानुवर्षे विहीर खणत राहणारा माणूस आणि गाव सोडून मुंबईच्या गिरणीत जाणारी माणसे दाखवली. त्यातले गाव आमचे नाही, पण ज्यांच्या घरची माणसे दरवर्षी दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात, त्यांना ते परके वाटणार नाही. दारूच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या ग्रामीण स्त्रियांवरचा ‘चूडियाँ’ (१९९३) हा लघुपट तर आजही ग्रामसभेत दाखवावा असा आहे.

दुःखाची गोष्ट अशी की, यातील चित्रपट आज कोठेही मिळतात आणि दूरदर्शनसाठी केलेले काम मात्र शोधून सापडत नाही. पूर्वी टेपांच्या तुटवड्यामुळे जुन्या कार्यक्रमावरच नवा मुद्रित करण्याची रीत होती आणि त्यात बरेच काही कायमचे पुसले गेले. जे उरले आहे ते दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीच्या संग्रहात असेल, तर ते यादीसह लोकांसमोर यायला हवे. प्रसारभारती आपल्या संग्रहातील काही कार्यक्रम यूट्यूबवर उपलब्ध करून देत असते, पण त्यात दिग्दर्शकाच्या नावानुसार शोध घेण्याची नीट सोय नाही, आणि नाव न दिलेल्या कार्यक्रमांचे कर्ते अंधारातच राहतात.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून माझ्या दोन सूचना संबंधितांपर्यंत पोहोचाव्यात, ही विनंती. अजिंठा-वेरूळ महोत्सवाच्या संयोजकांनी पुढील वर्षीच्या कार्यक्रमात एक दिवस टेलिफिल्म आणि जुन्या मालिकांसाठी राखून ठेवावा आणि त्यासाठी प्रसारभारतीकडे आतापासूनच पत्रव्यवहार सुरू करावा, कारण सरकारी परवानगीला किती वेळ लागतो हे आपण सर्व जाणतोच. तसेच संभाजीनगर व नांदेड येथील विद्यापीठांच्या पत्रकारिता व माध्यम विभागांनी दूरदर्शनच्या पहिल्या पिढीतील निर्मात्या-दिग्दर्शिकांच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित करण्याचा प्रकल्प विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. त्या पिढीतील मंडळी आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या शैक्षणिक वर्षावर ढकलू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
अंबाजोगाई, जि. बीड